गाडीचं सुतक

"वहिनी, माझं स्वतःचं काही म्हणणं नाही," बापूकाका म्हणाले, आणि मी ओळखलं की आता बराच वेळ बसावं लागणार.

आप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते. बापूकाका त्यांचे धाकटे भाऊ. मिरजेत आमच्याच पेठेत राहायचे. आप्पा असताना ते सणावाराला यायचे, आप्पा गेल्यावर रोज यायला लागले. एकेकाला दुःख आवरतच नाही. त्या दिवशी मात्र ते एकटे आले नव्हते. कुरुंदवाडहून ताईआत्याला मुद्दाम घेऊन आले होते. ताईआत्या सगळ्या भावंडांत थोरली, ऐन विशीत विधवा झालेली. आप्पांना ती दिनू म्हणायची, आणि आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा असायचा.

"लोक बोलतात हो," काका पुढे म्हणाले. "दादाला जाऊन अजून वर्ष नाही झालं, आणि ही गाडी बघा. बंपर चकाचक, चाकाच्या वाट्या चकाचक. समोरून आली की डोळे दिपतात. आणि आत कोण? तर वहिनी. लोक म्हणतात, नवरा गेला आणि बाईची मिजास वाढली."

हे लोक कोण, ते मला कधीच कळलं नाही. मिरजेत मी जन्मापासून राहत होते, पण माझ्याशी त्यातला एकही बोलला नाही. ते फक्त बापूकाकांशी बोलायचे. मला वाटतं ते त्यांच्याच माडीवर राहत असावेत.

"मग काय करायचं म्हणता, भाऊजी?" आईनं विचारलं. ती शिलाई मशिनवर बसली होती आणि तिचा पाय थांबला नव्हता.

"मी काय म्हणणार? तुमच्या डोळ्यांसमोरून गाडी लांब गेलेली बरी. मी माझ्या दारात लावतो. मला त्रास होईल, पण भावासाठी सोसेन."

हा त्रास सोसायची तयारी काकांनी आप्पा असल्यापासूनच केलेली होती. त्यांना पतपेढीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि सायकलवरून प्रचार करणाऱ्याला कुणी संचालक करत नाही. गाडी आजोबांनी घेतलेली, जुनी दुधी रंगाची फियाट. कागदावर अजून आजोबांचंच नाव होतं, त्यामुळे ती कुणी ठेवायची हे ताईआत्या ठरवील ते ठरणार होतं.

आमच्यासाठी मात्र ती मिजास नव्हती. आम्ही शिंपी. आप्पा आणि आई शाळांचे गणवेश शिवायचे आणि आरग, बेडग, मालगाव अशा गावोगावच्या शाळांत नेऊन पोचवायचे. डिकीत गठ्ठे, मागच्या सीटवर गठ्ठे, पुढं ते दोघं. आप्पांना उन्हं कलली की नीट दिसायचं नाही, म्हणून त्यांनीच आईला गाडी शिकवली होती. गाडी गेली असती तर शाळा गेल्या असत्या, आणि शाळा गेल्या असत्या तर माझं कॉलेज आणि आमची चूल दोन्ही बंद पडायला फार दिवस लागले नसते. काकांना हे माहीत होतं. त्यांनी आईला "लागेल ते मागा, संकोच करू नका" असं आधीच सांगून ठेवलं होतं.

आईनं मशिन थांबवलं. "म्हणजे भाऊजी, अडचण गाडीची नाही. चमकेची आहे."

"अगदी बरोबर. चमक शोभत नाही."

"गाडी साधी दिसली तर लोक काही बोलणार नाहीत?"

काका अडकले. ताईआत्या समोर बसलेली, नाही म्हणायची सोय नव्हती. "साधी दिसली तर कशाला बोलतील?" ते म्हणाले. "पण ती साधी दिसणार कशी? क्रोम आहे ते."

"रंगवते की. काळ्या रंगानं."

काका हसले. "क्रोमवर रंग टिकत नसतो, वहिनी."

ताईआत्या इतका वेळ नुसती ऐकत होती. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात काही नाही. ती आईकडे वळून म्हणाली, "वत्सले, रंगव. दिनूच्या वर्षश्राद्धाला मी येईन. त्या दिवशी रस्त्यावरून चमक दिसली, तर गाडी बापूची. नाही दिसली, तर तुझी. आणि त्यानंतर कुणी माझ्याकडं गाडीचं गाऱ्हाणं घेऊन यायचं नाही."

काकांनी लगेच मान डोलावली. रंग टिकणार नाही याची त्यांना खात्री होती. पुढं कळलं की त्यांनी आपल्या दारासमोरची तुळशीची कुंडी त्याच आठवड्यात बाजूला सरकवून गाडीपुरती जागा केली होती.

रंगकामाला आम्ही शिवाप्पा पेंटरला बोलावलं. शिवाप्पाला ट्रकच्या मागे कमळ आणि घोडा काढण्यात तोड नव्हती आणि तो हे स्वतःच सांगायचा. "उद्या सकाळी येतो. तोवर जरा साफसूफ करून ठेवा," एवढं सांगून तो गेला.

इथं आमच्या घरानं आपली अक्कल दाखवली. आमच्याकडे स्वच्छ म्हणजे काय, तर देवाची भांडी असतात तसं. प्रमिलाकाकू, म्हणजे बापूकाकांची बायको, चिंच आणि रांगोळी घेऊन आली. ती बाई फार बोलायची नाही, पण भांडी घासण्यात तिचा हात कुणी धरला नसता. आम्ही तिघींनी दुपारभर बंपर घासला, जाळी घासली, दिव्यांभोवतीची कडी घासली, खिडक्यांच्या पट्ट्या घासल्या. मग काकूनं वरून खोबरेल तेलाचं फडकं फिरवलं. गाडी नवीन असतानासुद्धा इतकी चमकली नसेल. जिला मारायचं होतं, त्या चमकेला आम्ही आधी न्हाऊमाखू घातलं.

दुसऱ्या दिवशी शिवाप्पानं त्यावर काळा रंग लावला. रंग झकास बसला. आई गाडी घेऊन बेडगला गेली आणि आली, तरी काही झालं नाही. काका येऊन बघून गेले आणि त्यांचा चेहरा जरा पडला. मला फार बरं वाटलं.

मग आईनं गाडी धुतली.

बादलीभर पाणी आणि साधं फडकं, बाकी काही नाही. बंपरवरचा रंग तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुटून आला. मी एक टोक धरून ओढलं तर हातभर पट्टी निघाली. खाली क्रोम होतं तसं, वर काकूच्या चिंचेची तकाकी. त्याच वेळी बापूकाका फाटकातून आत आले. त्यांना अशा वेळा बरोबर साधायच्या.

"अरेरे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या मुलाच्या बारशातही बघितला नव्हता. "मी म्हटलं होतं ना वहिनी? जाऊ द्या. आता कशाला वर्ष काढता? चावी द्या, मी ताईला कळवतो."

"वर्षश्राद्धाला अजून वेळ आहे, भाऊजी."

"अहो, पण झालंच की हे."

"ताईंनी वर्षश्राद्धाचा दिवस सांगितलाय," आई म्हणाली, आणि तिनं फडकं पिळून दोरीवर टाकलं. काका गेल्यावर मात्र ती बंपरसमोर मांडी घालून बसली आणि उठेचना. मला वाटलं रडतेय. आप्पा गेले तेव्हा लोकांच्या गराड्यात ती रडली नव्हती, आता रडत असेल तर रडू दे, म्हणून मी लांबच उभी राहिले.

"नले, इकडं ये," तिनं हाक मारली. "हे बघ. इथला रंग निघत नाही."

बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर काळा पट्टा शिल्लक होता. आई नखानं खरवडत होती, तरी हलत नव्हता. तो कोपरा माझ्या ओळखीचा होता. एकदा संध्याकाळी घरी येताना आप्पांनी तो फाटकाच्या खांबाला घासला होता. "खांब पुढं आला," असं त्यांनी आईला सांगितलं होतं. तेव्हापासून तिथं ओरखडेच ओरखडे होते.

"बाकी सगळं गुळगुळीत, तिथं रंगाला धरायलाच काही नाही," आई म्हणाली. "ह्यांनी ओरबाडलंय तिथंच तेवढा धरलाय." आणि मग ती खरंच रडली. हसतही होती. मीही तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले आणि आम्ही दोघी त्या काळ्या कोपऱ्याकडे बघत बसलो.

सगळा क्रोम पॉलिश पेपरनं तसाच ओरबाडून घेतो, असं शिवाप्पाला सांगितलं तर तो खवळला. "अवो बाई, क्रोमला कागद मारायचा? देवाच्या मूर्तीला कानस लावल्यागत वाटतंय ते!"

"मग तुमचा रंग का निघाला?"

"त्याला मी काय करू? तुमी तेल लावून ठिवलासा!" तो म्हणाला. हे मात्र त्याचं खरं होतं. थोडा वेळ धुसफुसून तो म्हणाला, "बरं, मारा कागद. पण मारायचा तर सगळीकडं मारा, कोपरा न् कोपरा. चमक पार मेली पायजे. मग मला बोलवा. आणि तेलाची बाटली त्या काकूबायच्या हाताला लागंल अशी ठेवू नका."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते काम काढलं. त्या वर्षी घरात सण नव्हता, त्यामुळे फराळाची गडबड नव्हती. गल्लीत आकाशकंदील लागले होते आणि आम्ही दोघी अंगणात पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन क्रोम घासत होतो. आधी सोड्याच्या पाण्यानं तेल काढलं, मग कागद. बोटांची सालं निघाली. चमक मरायला तयार नसते. घासून घासून वाटतं गेली, आणि पुसलं की पुन्हा कुठूनतरी डोळा मारते. शेवटी सगळा बंपर राखेसारखा मळकट दिसायला लागला, तेव्हा आई म्हणाली, "आता शोभतंय बघ लोकांना."

बंपर झाला, जाळी झाली, दारांच्या मुठी झाल्या. बाहेरचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी कागद घेऊन आत बसले. फियाटच्या स्टिअरिंगवर आतल्या बाजूला हॉर्नची क्रोमची कडी होती. आप्पा कोपऱ्यावर वळताना ती कडी एका बोटानं दाबायचे. दोनदा, आखूड. त्याचा अर्थ, मी आलो, चहा टाक. आई त्या आवाजावर आधण ठेवायची, आणि ती घरात नसली तर जी बाई स्वयंपाकघरात असेल ती ठेवायची. मी कडीला कागद लावणार इतक्यात आईनं माझ्या हातावर चापट मारली.

"तिथं नको."

"अगं, ही पण चमकते."

"नको म्हटलं ना. उतर तू." तिचा आवाज असा होता की मी उतरले. मग ती स्वतः आत बसली आणि पदरानं ती कडी पुसली.

दुसऱ्या दिवशी शिवाप्पानं थिनरच्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं आणि आम्हाला दम दिला की आता कुणी बोट लावायचं नाही, बोटालाही तेल असतं. मग धातूला धरणारा प्रायमर मारला, अगदी पातळ. तो सुकला तसा काळ्या रंगाचा एक पातळ हात, पुन्हा सुकवून दुसरा, पुन्हा तिसरा. एकदम जाड थापायचा नाही, हे तो प्रत्येक हाताला नव्यानं सांगायचा, आणि पहिल्या वेळी आपणच एकदम जाड थापला होता हे प्रत्येक वेळी विसरायचा. सगळ्यात वर रंग धरून ठेवणारा लॅकर. कितीतरी दिवस आई गाडीला पाणी लावू देत नव्हती. धूळ खात गाडी गावोगाव फिरली. आमच्या दुधी गाडीला काळे ओठ, काळ्या भुवया. चांगली दिसत नव्हती. पण सुतकातलं माणूस तरी कुठं चांगलं दिसतं?

काका अधूनमधून येऊन बंपरवरून बोट फिरवून जात. "आत्ता बरं आहे," म्हणत. "बघू."

वर्षश्राद्धाला घर भरलं होतं. गुरुजी आले, पिंड ठेवले. आप्पांच्या पिंडाला कावळा झटकन शिवला. आप्पांना कुणाला ताटकळत ठेवायची सवयच नव्हती. जेवणं झाली, खीर झाली, वडे झाले. ताईआत्या ओसरीवर बसली आणि तिनं नुसतं "बापू" म्हटलं. काका तयारच होते. धोतर वर खोचून अंगणात उतरले आणि गाडीसमोर उकिडवे बसले. पाहुणे पानं चघळत भोवती उभे राहिले. आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या ओठांचा रंग गेला होता. 

काकांनी आधी नखानं खरवडलं. मग खिशातून आठ आण्याचं नाणं काढलं आणि त्यानं. मग मला बादली आणायला लावली. पाणी ओतून काथ्यानं घासलं. नंतर कुठूनशी रॉकेलची बाटली निघाली, येताना घरूनच आणली असावी. त्याच्या फडक्यानं बंपर घासला, चाकाच्या वाट्या घासल्या, खिडकीची एकेक पट्टी घासली. घाम त्यांच्या सदऱ्यातून बाहेर आला. भावाच्या श्राद्धाला माणसानं इतके कष्ट घेतलेले मी दुसरीकडे कुठं बघितले नाहीत.

फडकं नुसतं मळलं. रंग जागेवर होता.

"टिकलाय की रे," कुणी पाहुणा म्हणाला.

काका उठले. एकदा गाडीभोवती फिरले, आरशाच्या मागं बघितलं, नंबरपट्टीच्या खाली बघितलं. मग दार उघडून आत डोकावले, आणि चालकाच्या जागी बसले. आणि ओरडले.

"ताई! ए ताई! इकडं ये, हे बघ! हे बघ काय ठेवलंय!"

 आईनं खांब सोडला नाही. ताईआत्या काठी टेकत पायऱ्या उतरली, गाडीपाशी आली आणि उघड्या दारातून वाकून बघितलं. स्टिअरिंगवरची कडी दुपारच्या उन्हात लखलखत होती. दिवाळीपासून आईच्या पदरानं पुसून पुसून ती जास्तच चमकत होती.

"चमक!" काका म्हणाले. "मुद्दाम ठेवलीय. फसवलं आपल्याला! रंगवलं ते नुसतं लोकांना दाखवायला!"

ताईआत्यानं कडीकडे बघितलं. मग दार लावून घेतलं, काका आत असतानाच. गाडीच्या पुढे जाऊन तिनं काचेतून बघितलं. रस्त्याच्या बाजूला जाऊन बघितलं. परत आली आणि दार उघडलं.

"तिथं रोज कोण बसतं?" तिनं विचारलं.

"वहिनीच बसतात. पण ताई..."

"रस्त्यावरून दिसतंय का हे?"

"रस्त्यावरून नाही दिसत. पण आत बसलं की..."

"मग तुला आत बसायला कुणी सांगितलं होतं? उतर खाली."

काका उतरले. ताईआत्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि पुढच्या सीटवर बसली. ती गाडीत पुढं बसलेली मी जन्मात बघितली नव्हती. आप्पा असताना ती नेहमी मागं बसायची, पदर डोक्यावर ओढून.

"वत्सले, ये," तिनं हाक मारली. "बस."

आई गेली आणि स्टिअरिंगवर बसली. मी दाराशी उभी होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं, बाकी कुणाला नाही.

"मी विशीत सगळं काढून दिलं," ताईआत्या म्हणाली. "आतलंसुद्धा. कुणी मागितलं नव्हतं तेसुद्धा. काही ठेवावं, हे मला सुचलंच नाही गं." मग कडीकडे बघून म्हणाली, "दिनू कसा वाजवायचा?"

 आईनं नुसती दोन बोटं वर केली. ताईआत्यानं आपला मोकळा, सुरकुतलेला हात पुढं केला आणि कडी दाबली. दोनदा, आखूड.

 माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले. पण तिथं प्रमिलाकाकूनं, कुणी न सांगता, आधण आधीच ठेवलेलं होतं. ती पाठमोरी उभी राहून डोळे पुसत होती. मला बघून म्हणाली, "आलं किसून दे."

गाडी पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडे राहिली. क्रोमवरचा रंग शेवटपर्यंत निघाला नाही, आणि निघावा असं आईला कधी वाटलंही नाही.

बापूकाका त्या दिवशी चहाला थांबले नाहीत. घरी माडीवर लोक वाट बघत असतील.